ढगाखालच्या शहरात राहायला जाण्याआधी

घोड नदी उगम पावते ती आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर. पावसाळ्यात तिथं दिवसचे दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. तिथून शिरूर तालुक्यातलं इनामगाव सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही, पण तेवढ्या अंतरात पाऊस काही हजार मिलिमीटरवरून पाचशेच्या आसपास येतो. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि पाणी टाकून देते. पलीकडे उतरताना ती तापते, आणि तापलेली हवा उरलीसुरली वाफ सोडायला तयार नसते. शाळेच्या भूगोलात याला पर्जन्यछाया म्हणतात. घोडच्या उजव्या काठावरचं, दौंडच्या शिवेजवळचं हे गाव त्या छायेत येतं. आज धरणाच्या पाण्यामुळे आजूबाजूला ऊस दिसतो, पण आभाळाकडून मिळणारं पाणी तेवढंच आहे.

अशा मुलखात वाढलेल्या मुलाला किंवा मुलीला मँचेस्टर, डब्लिन किंवा सिएटलहून नोकरीचं पत्र येतं तेव्हा घरात आधी पगाराचा विषय निघतो, मग घरभाड्याचा. तिथली हवा कशी, हे कुणीतरी सगळ्यात शेवटी विचारतं, आणि उत्तरही ठरलेलं असतं: पाऊस काय, तो तर आपल्याला हवाच असतो. कोरडवाहू भागातल्या माणसाला पाऊस ही चांगलीच बातमी वाटते, आणि ढगाळ शहराबद्दलची फसगत इथूनच सुरू होते. त्या शहरांत माणसाला जे सोसावं लागतं त्यात पाण्याचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा उजेडाचा. म्हणून निर्णय घेण्याआधी कोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमानं तपासाव्यात ते इथं सांगतो.

सुरुवात पावसाच्या आकड्यापासूनच करू, कारण सगळे आधी तोच बघतात. लंडनचा वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पुण्याचा सातशेच्या पुढे. म्हणजे जगभर पावसाळी म्हणून ओळखलं जाणारं लंडन पुण्यापेक्षा कोरडं आणि इनामगावपेक्षा थोडंच ओलं. मुंबई आणि नॉर्वेतलं बर्गेन यांची तुलना तर याहून बोलकी आहे. दोन्हीकडे वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पडतो. मुंबईत तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो आणि पुढचे आठ महिने आभाळ निरभ्र असतं. बर्गेनमध्ये तेवढंच पाणी बाराही महिन्यांत वाटलेलं, वर्षातले सुमारे दोनशे दिवस. इनामगावला परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी पन्नास-साठ मिलिमीटर पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असतं. लंडनला तेवढाच पाऊस पडायला अख्खा डिसेंबर लागतो. बारीक बुरबुर, मधेच थांबणं, पुन्हा बुरबुर. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवावा आणि पावसाचे दिवस किती, ते बघावं.

इथंही एक खाचखळगा आहे. पावसाचा दिवस कशाला म्हणायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. भारतीय हवामान विभाग अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो दिवस धरतो. ब्रिटनमध्ये साधारणपणे एक मिलिमीटरची मर्यादा असते. अमेरिकेत इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर पडला तरी दिवस मोजला जातो. सिएटलचे दीडशे दिवस, लंडनचे शंभर-एकशेदहा आणि पुण्याचे पन्नासच्या आसपास हे आकडे शेजारी मांडताना मापं वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्या मापानं मोजलं तर परदेशी शहरांचे दिवस बरेच कमी भरतील. पण राहणाऱ्याच्या दृष्टीनं मला अमेरिकेचं माप जास्त खरं वाटतं, कारण पाव मिलिमीटर पावसानंही दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि फुटपाथ ओला राहतो.

आता उजेड. इथं थोडं थांबू, कारण हा भाग नोकरीच्या पत्रात कधीच नसतो.

इनामगाव साडेअठरा अक्षांशांच्या जरा वर आहे, लंडन साडेएक्कावन्नवर. २१ डिसेंबरला भर दुपारी इनामगावात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. त्याच दिवशी लंडनला तो जेमतेम १५ अंश चढतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली त्या दुपारी इनामगावात पाच फुटांची पडते, लंडनमध्ये वीस फुटांची. अर्थात सावली पडेल इतकं ऊन असेल तर. इतक्या तिरक्या उन्हाचा जोर जमिनीवर आपल्या एक तृतीयांश राहतो आणि समोरच्या दुमजली घराआड सूर्य दिवसभर लपून राहू शकतो. दिवस आठ तासांहूनही थोडा लहान. सकाळी आठच्या पुढे उजाडतं, दुपारी चारच्या आत मावळतं. आपल्याकडे त्याच दिवशी अकरा तासांचा दिवस असतो.

यावर ढगांचं झाकण. या शहरांवरून पश्चिमेकडून समुद्राची दमट हवा वर्षभर सरकत असते. तिच्यातून उंच, काळे, गडगडणारे ढग फारसे होत नाहीत. खालच्या थरात पसरलेली एकसारखी करडी चादर होते, आणि ती दिवसचे दिवस हलत नाही. परिणामी लंडनला अख्ख्या डिसेंबरात पन्नास-साठ तास ऊन मिळतं. आपल्याकडे तेवढं सहा-सात दिवसांत मिळून जातं. म्हणून कुठल्याही शहराचा विचार करताना तिथल्या हवामान खात्याचा तीस वर्षांच्या सरासरीचा तक्ता काढावा, आणि त्यात पावसाच्या आधी नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी या तीन महिन्यांचे उन्हाचे तास वाचावेत. वर्षाची सरासरी वाचून उपयोग नाही. सिएटलचा उन्हाळा कोरडा आणि सुरेख असतो, लंडनला जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो, आणि हे उजळ महिने सरासरीत मिसळले की हिवाळा त्यांच्याआड दडतो.

उजेड कमी झाला की शरीरात काय होतं, हे नीट समजायला १९८४ साल उजाडावं लागलं. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, म्हणजे भरपूर उन्हाच्या शहरातले. १९७६मध्ये ते न्यूयॉर्कला राहायला गेले आणि हिवाळ्यात आपला उत्साह आणि काम करायची ताकद ओसरते, वसंत आला की परत येते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे सहकाऱ्यांबरोबर काम करून त्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन १९८४मध्ये प्रसिद्ध केलं. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांचं काम बाहेर किती उजेड आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. सकाळी पुरेसा उजेड पोचला नाही तर ते घड्याळ मागे पडतं, झोपेचं संप्रेरक वेळेवर ओसरत नाही, आणि माणूस उठूनही पुरता जागा होत नाही. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, लोकांत जाणं नको होतं. सगळ्यांनाच हे होतं असं नाही. पण ज्याला आपल्याकडच्या श्रावणातही चार दिवस ऊन नसलं की उदास वाटतं, त्यानं स्वतःबद्दलची ही माहिती निर्णयात धरलीच पाहिजे. आधी नैराश्याचं दुखणं होऊन गेलं असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी या विषयावर मोकळेपणानं बोलावं.

उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. घरातल्या दिव्यांचा उजेड दोन-तीनशे लक्स भरतो. बाहेर, पूर्ण ढगाळ हिवाळी दुपारीही, तो काही हजार लक्स असू शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, मेंदूतल्या घड्याळाला वाटत नाहीत. म्हणून आभाळ भरलेलं असलं तरी सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालणं हे तिथं औषधासारखं धरावं. त्यानं भागलं नाही तर दहा हजार लक्सचे खास दिवे मिळतात. सकाळी अर्धा तास त्यांच्यासमोर बसायचं, तेही डॉक्टरांना विचारून. दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. ऑक्टोबर ते मार्च ब्रिटनच्या उन्हात ते तयार करण्याइतका जोर नसतो, आणि आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. तिथलं सरकार शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे चारशे युनिट, घेण्याचा सल्ला देतं, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांना वर्षभर.

हवेमुळे गाव सोडावं की राहावं, हा प्रश्न इनामगावच्या मातीला नवा नाही. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इथं बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली तीन टप्प्यांची वस्ती उजेडात आली, सव्वाशेहून अधिक घरांच्या खुणांसह. मधल्या टप्प्यात गाव सुखवस्तू होतं. घरं आयताकृती आणि ऐसपैस, नदीच्या पुराचं पाणी वळवणारा पाट आणि त्याला दगडमातीचा बांध, शेतात सातू आणि गहू. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास चित्र बदलतं. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली या संस्कृतीची गावं ओस पडली, इनामगाव तगलं, पण पालटून. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. आज त्यांची खूण म्हणजे चोपलेल्या जमिनीभोवती वर्तुळात असलेले मेढींचे खड्डे, आत चूल, आणि शेजारी खेटून तशीच दुसरी झोपडी. गहू मागे पडला, गुरांपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढली. हवा कोरडी होत गेल्यामुळे लोक हळूहळू अर्धभटके झाले आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास त्यांनी गाव सोडलं, अशी ढवळीकरांची मांडणी होती. ती सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. त्या माणसांनी आधी घर बदललं, पीक बदललं, जनावरं बदलली, वर्षाचं फिरणं बदललं, आणि हे सगळं करून झाल्यावर गाव सोडलं. परक्या हवेत जाणाऱ्यालाही राहायचं की परतायचं हे ठरवण्याआधी बदलण्यासारखं बरंच काही हाताशी असतं.

त्यातलं पहिलं घर. आपल्याकडे घर बघताना दार पूर्वेला हवं असतं आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा. ढगाळ, उत्तरेकडच्या शहरात दिवाणखान्याची मोठी खिडकी दक्षिणेला हवी. हिवाळाभर सूर्य दक्षिणेलाच खालून फिरतो, उत्तरेकडच्या खोलीला नोव्हेंबर ते जानेवारी एक किरण मिळत नाही. घर बघायला जाताना मोबाईलमधलं होकायंत्र उघडून खिडकीसमोर धरावं, एवढं सोपं काम आहे.

मग ओल. वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सतरा ग्रॅम वाफ मावते, दहा अंशांच्या हवेत नऊच्या आसपास. भात शिजवला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, अंघोळी झाल्या, बाहेर वाळत नाहीत म्हणून कपडे हीटरवर टाकले, की ती सगळी वाफ घरातल्या उबदार हवेत जाते. थंडी म्हणून खिडक्या बंद. रात्री हीटर बंद झाला की हवा निवते आणि जास्तीची वाफ सगळ्यात थंड जागा शोधून तिथं पाणी होते. सकाळी खिडकीच्या काचेच्या खालच्या कडेला पाण्याची ओळ साचलेली दिसते, चौकटीचं लाकूड फुगलेलं असतं, आणि कपाट भिंतीपासून जरा ओढून बघितलं तर मागे काळे ठिपके. ती बुरशी. लहान मुलांच्या छातीला ती फार वाईट. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२०मध्ये रॉचडेल इथं बुरशीच्या घरात राहणारं दोन वर्षांचं मूल दगावलं, आणि त्यानंतर सामाजिक घरांच्या मालकांवर ओल-बुरशीची दुरुस्ती ठरल्या मुदतीत करण्याची जबाबदारी टाकणारी तरतूद २०२३च्या कायद्यात झाली. खाजगी भाड्याचं घर घेताना आपणच डोळे उघडे ठेवावेत. काचा दुहेरी आहेत का, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातला पंखा वाफ खरोखर बाहेर फेकतो का, कपाटामागे नव्या रंगाचा वास येतो का. घराच्या ऊर्जाक्षमतेचा दाखला मागावा, तो ए ते जी अशा श्रेणीत असतो. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला तो पंखा चैन नव्हे, गरज आहे. आणि पापड-कुरडया, गोधड्यांना ऊन दाखवणं, लोणच्याची बरणी गच्चीत ठेवणं या गोष्टी तिथं विसराव्या लागतील. ऐकायला लहान वाटतं, पण ज्या हातांनी त्या वर्षानुवर्षं केल्या त्यांना ही उणीव जाणवते.

यानंतर जागेची निवड. शहर ठरलं तरी त्याच प्रदेशात कोरडी बाजू असू शकते, आणि ती शोधायची युक्ती घोडकाठच्या माणसाला उपजतच कळायला हवी: वारा कुठून येतो ते बघायचं आणि डोंगराच्या पाठीमागे जायचं. सिएटलपासून शंभर किलोमीटरच्या आसपास सिक्विम नावाचं गाव आहे. ऑलिंपिक पर्वताच्या छायेत असल्यामुळे तिथं वर्षाला चारशे मिलिमीटरच पाऊस पडतो, इनामगावपेक्षाही कमी. स्कॉटलंडमध्ये पश्चिमेच्या ग्लासगोला अकराशेच्या पुढे पडतो, पूर्वेच्या एडिनबराला सातशेच्या आसपास, आणि दोन्ही शहरांत आगगाडीनं तासाभराचं अंतर. नोकरी आठवड्यातले दोन-तीन दिवसच कचेरीत बोलावत असेल तर हा फरक पदरात पाडून घेता येतो. अक्षांश मात्र बदलत नाही. डिसेंबरचा छोटा दिवस एडिनबरालाही तेवढाच छोटा.

जाण्याआधी चाखून बघायचं असेल तर जुलैत महाबळेश्वर किंवा आंबोलीला पंधरा दिवस खोली घेऊन राहावं, सहलीला म्हणून नाही, कामाचा लॅपटॉप घेऊन. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, धुक्यात समोरचं घर दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मन कसं वागतं ते नोंदवून ठेवावं. मुंबई प्रांताचं इंग्रज सरकार उन्हाळा महाबळेश्वरला काढायचं, पण पाऊस लागला की गव्हर्नर पुण्याला गणेशखिंडीच्या बंगल्यावर यायचे. करड्या आभाळाच्या देशातल्या माणसांनीही पावसाळ्यासाठी पर्जन्यछायाच निवडली होती. या चाचणीची एक मर्यादा आहे: जुलैत आपल्याकडे तेरा तासांचा दिवस असतो आणि हवा उबदार. ओल कळेल, अंधार कळणार नाही. तो कळायला प्रत्यक्ष शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं लागतं. कंपनी शहर बघायला जूनमध्ये नेत असेल तर नम्रपणे जानेवारी मागून घ्यावा.

एवढं करून आकडे समोर आले की निर्णय कुणी करायचा? माझं ठाम मत आहे की ज्याला नोकरी लागली आहे त्यानं एकट्यानं करू नये. त्याला सकाळी उठून जायला कचेरी असते, बोलायला माणसं असतात, तिथल्या दिव्यांचा उजेड असतो, आणि महिनाअखेर पगार असतो. करडं आभाळ सगळ्यात जास्त वाट्याला येतं ते घरी राहणाऱ्याच्या: नोकरीची परवानगी किंवा संधी न मिळालेली बायको किंवा नवरा, लहान मूल, आणि बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी गेलेली आई. चार वाजता अंधार, दारासमोरून जाणारं माणूस नाही, खिडकीवर पाणी. इनामगावात ज्या बाईचा दिवस अंगणात आणि ओट्यावर जातो, येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय गं, कुठं निघालीस?" म्हणण्यात जातो, तिला तीन महिने बंद घरात ठेवणं ही लहान गोष्ट नाही. तेव्हा घरी कोण राहणार आहे त्याचं मत आधी घ्यावं, आणि त्याच्या दिवसाचं वेळापत्रक जाण्यापूर्वी कागदावर मांडावं. चालत जाता येईल असं वाचनालय कुठं आहे, भाषेचा किंवा व्यायामाचा वर्ग कुठं, मराठी मंडळी किती लांब. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. मोठ्या शहरात आपली माणसं भेटतात, लहान गावात ती तासाभरावर असतात, आणि हिवाळ्यात तो तास फार लांबचा वाटतो.

आईवडिलांना नेण्याचं गणित वेगळं मांडावं, आणि त्यासाठी धनगरांकडे बघावं. मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाच्या आधी पुन्हा देशावर येतात. ओल्या जमिनीत मेंढरांची खुरं कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाही, रोग पडतो. कोकणात पावसाळा काढायचा हट्ट ते धरत नाहीत, आणि पाऊस आहे म्हणून कोकण टाकतही नाहीत. ज्या महिन्यांत जी जमीन मानवते त्या महिन्यांत तिथं. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या फिरण्याचा नीट अभ्यास केला आहे. ब्रिटनच्या पाहुण्यांच्या नेहमीच्या व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मार्चअखेरच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि संध्याकाळी मोठ्या होऊ लागतात. आईवडिलांचं जाण्याचं तिकीट त्यानंतरचं काढावं. परतीचं, ऑक्टोबरअखेरच्या रविवारी घड्याळं मागे येण्याआधीचं.